रेडिओग्रामला ब्लूटूथ जोडलं की घूं येतो, तेव्हा काय काय बघायचं

व्हॉल्व्हवाल्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, रेडिओग्रामबद्दल लिहितोय. मर्फी, बुश, फिलिप्स, एचएमव्ही, ग्रुंडिग, टेलिफंकन, साधारण पन्नास-साठच्या दशकातले, एकाच लाकडी कपाटात रेडिओ, रेकॉर्ड चेंजर आणि स्पीकर. घरात वर्षानुवर्षं त्याच्यावर टेबलक्लॉथ घालून टीव्ही ठेवलेला असतो, मग कधीतरी नातवाला हौस येते, पॉलिश होतं, डेक (रेकॉर्ड चेंजर) चालत नाही म्हणून ब्लूटूथ रिसीव्हर, म्हणजे फोनमधलं गाणं वायरीशिवाय घेणारी डबी, बसतो आणि गाण्यापेक्षा घूंच जास्त ऐकू यायला लागतो. ही एकच तक्रार माझ्याकडे सारखी येते, आणि आल्या आल्या लोक म्हणतात "व्हॉल्व्ह गेले असतील ना?" व्हॉल्व्ह क्वचितच गेलेले असतात. बहुतेक वेळा घोळ नवीन लावलेल्या वस्तूचा असतो, तिला पॉवर कुठून दिली आणि वायर कशी जोडली याचा. म्हणून सेट उघडायच्या आधी खालच्या गोष्टी याच क्रमाने बघा.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते कागदावर लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

- व्हॉल्यूम शून्यावर असताना शांत, वाढवला की गाण्याबरोबर घूं पण वाढतो
- व्हॉल्यूम पूर्ण बंद केला तरी घूं तेवढाच
- रिसीव्हर स्वतःच्या बॅटरीवर असताना ठीक, चार्जर लावला की सुरू
- घूं नाही, पण बारीक चिर्रर्र किंवा टिकटिक, विशेषतः गाणं थांबवल्यावर
- जुनं गाणं लावलं तर जवळपास काहीच ऐकू येत नाही आणि नवीन गाण्यात म्युझिक येतं पण गाणारा गायब
- आवाज फाटतो, किंवा नुसता धबधब बेस
- ब्लूटूथ बसवल्यापासून मिडियम वेव्हला खरखर
- जॅकला, स्क्रूला किंवा डेकच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं काही करू नका, प्लग काढा आणि थेट खालचा पहिला मुद्दा वाचा. खरं तर तो सगळ्यांनीच वाचायचाय.

सगळ्यात आधी: चासीत करंट आहे का

याला पैसे पडत नाहीत, फक्त मल्टीमीटर लागतो, आणि हे केल्याशिवाय फोनची वायर रेडिओग्रामला लावायची नाही. जिवाचा प्रश्न आहे म्हणून थोडं लांबण लावतो.

जुन्या काळी काही शहरांतल्या काही भागांत डीसी लाइन होती, म्हणून कंपन्यांनी एसी-डीसी दोन्हीवर चालणारे सेट काढले. डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, त्यामुळे या सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसतो. सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर (आतल्या तापणाऱ्या वाती) एका माळेत जोडलेले आणि लाइनची एक वायर सरळ चासीला, म्हणजे ज्या पत्र्यावर व्हॉल्व्ह बसवलेत त्याला. प्लग एका बाजूने घातला तर चासीवर न्यूट्रल, उलटा घातला तर चासीवर सरळ २३० व्होल्ट. त्या काळी चालून गेलं कारण लाकडी कपाट, प्लास्टिकचे नॉब, मागे पुठ्ठा, हात कुठे लागायचाच नाही. आता तुम्ही ऑक्सची (हेडफोनसारख्या पिनची, आवाजाची) वायर जोडली की तिचं बाहेरचं कव्हर, म्हणजे प्लास्टिकच्या आतली तारेची जाळी, चासीला लागतं, आणि ती वायर फोनमध्ये, आणि फोन तुमच्या हातात.

ओळखायचं कसं? व्हॉल्व्हवरचा नंबर वाचा. नाव यू ने सुरू होत असेल, यूसीएच८१, यूसीएल८२, यूवाय८५ वगैरे, तर तो माळेतला सेट समजा. ई ने सुरू होणारे, ईसीसी८३, ईएल८४, ईझेड८१, हे ६.३ व्होल्टचे, बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मरवरचे. पण नंबरवर विसंबू नका, काही सेटमध्ये ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो, तो दिसायला ट्रान्सफॉर्मरच पण लाइन आणि चासी एकमेकांपासून वेगळं करत नाही. म्हणून मीटर लावायचाच: प्लग भिंतीतून काढलेला, सेटचा स्विच ऑन, मीटर ओमवर, एक प्रोब चासीला (रंग नसलेल्या जागी, स्क्रू चांगला), दुसरा प्लगच्या एका पिनला, मग दुसऱ्या पिनला. दोन्ही पिनांना मीटर काहीच दाखवत नसेल किंवा कित्येक मेगाओम दाखवत असेल तर ट्रान्सफॉर्मर वेगळा आहे, पुढे जाऊ शकता. एका जरी पिनला थोडके ओम आले तर चासी लाइनला जोडलेली आहे.

तसं निघालं तर इथेच थांबा. काही लोक सांगतात ग्राउंड लूप आयसोलेटर मध्ये टाक, झालं. अजिबात नाही. गाडीच्या स्टिरिओसाठी मिळतो तो छोटा डबा घूं काढायला असतो, आतली तार केसासारखी, २३० व्होल्ट अडवायला तो बनवलेलाच नाही. "रिसीव्हर बॅटरीवर ठेवतो, कपाटाच्या आत" हेही सांगतात, पण बॅटरी संपल्यावर चार्जरची वायर कोणीतरी लावणारच ना, आणि ते बहुतेक घरातलं लहान मूल असतं. अशा सेटला एकच योग्य रस्ता: व्हॉल्व्हचं काम येणाऱ्या माणसाकडून पुरेशा क्षमतेचा एकास-एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवून घ्यायचा. खर्च होतो. करायचा नसेल तर रेडिओ म्हणून ऐका, ब्लूटूथचा नाद सोडा.

अजून एक, ट्रान्सफॉर्मर वेगळा असलेल्या सेटमध्येही लाइन आणि चासीच्या मध्ये एक छोटा कंडेन्सर असायचा, रेडिओची खरखर कमी करायला. साठ वर्षांनी तो गळका होतो आणि झिणझिण्या येतात, आणि प्लग काढून ओम मोजताना हे कधी कधी कळतही नाही. मीटरने पास केलं पण हाताला झिणझिण्या येतात असं झालं तर मेगर (जास्त व्होल्टेज देऊन गळती मोजणारा मीटर) लावून तपासून घ्या आणि तो कंडेन्सर वाय२ क्लासचा, म्हणजे लाइनला जोडायलाच बनवलेला, बसवून घ्या, साधा डिस्क सिरॅमिक नको.

व्हॉल्यूम शून्यावर न्या

फुकट आहे आणि निम्मं निदान इथेच होतं. सेट पाच मिनिटं तापू द्या, मग व्हॉल्यूम पूर्ण खाली.

घूं गेला तर तो व्हॉल्यूमच्या आधी कुठेतरी आत शिरतोय, म्हणजे रिसीव्हर, चार्जर, वायर, सॉकेट. हे सगळं तुमच्या आवाक्यातलं. घूं तसाच राहिला तर तो व्हॉल्यूमच्या पुढून येतोय, म्हणजे सेटच्या पॉवर सप्लायमधून किंवा शेवटच्या व्हॉल्व्हच्या आसपास, आणि ब्लूटूथचा त्याच्याशी संबंध नाही. खात्री करायला ऑक्सची वायर उपटून काढा, तरी येतोच. लोकांना हे पटत नाही कारण "ब्लूटूथ लावल्यापासूनच येतोय", पण खरं असं असतं की ब्लूटूथ लावायच्या निमित्तानेच सेट कित्येक वर्षांनी पहिल्यांदा चालू झालेला असतो. तुमचं असं असेल तर मधलं सगळं सोडून फिल्टर कंडेन्सरवर जा.

ग्राम पोझिशनला काही न जोडता घूं येणं

हा बिघाड नाही. चेंजरवर सिरॅमिक किंवा क्रिस्टल काडतूस (सुई बसते तो भाग) असायचं, त्याच्यासाठी ग्रामचं (रेकॉर्डचं) इनपुट अर्धा ते एक मेगाओमचं ठेवलेलं असतं, मोकळं सोडलं की घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झ तिथे अँटेनासारखा शिरतो. बोट लावलं की मोठ्याने घूं होतो तेच हे.

याचाच उपयोग करून एक चाचणी करा. जुन्या प्लगमध्ये सिग्नलची पिन आणि अर्थची पिन तारेच्या तुकड्याने जोडा आणि तो प्लग इनपुटला घाला (वरची चासीची टेस्ट पास झालेली असेल तरच). व्हॉल्यूम वाढवा. शांत झालं, नुसती हलकी सळसळ राहिली, तर सेट इनपुटपासून पुढे ठणठणीत आहे आणि दोष बाहेरच्या वस्तूंमध्येच आहे हे ठरलं. हा शॉर्ट केलेला प्लग मी टूलबॉक्समध्ये कायम ठेवतो, याच्याइतका स्वस्त मीटर दुसरा नाही.

चार्जर काढून पॉवर बँकवर चालवा

बाकी सगळं तसंच ठेवून फक्त रिसीव्हरला पॉवर बँक लावा. घूं किंवा चिर्रर्र गायब झाली तर चार्जर हा चोर. माझ्याकडे येणाऱ्या केसेसमध्ये सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं.

कारण असं की मोबाइलच्या चार्जरमध्ये लाइनची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये एक बारीक कंडेन्सर असतो, त्यातून किंचित करंट पलीकडे येतच राहतो. चार्जर दोन पिनचा, त्याला अर्थ नाही, मग तो करंट परतीचा रस्ता शोधतो आणि त्याला सापडतं ऑक्सच्या वायरचं कव्हर, तिथून चासी. कव्हर हाच सिग्नलचा अर्थ पण असतो, त्यामुळे ती भर गाण्यात मिसळते. स्वस्त चार्जरमध्ये हे जास्त, चांगल्यात कमी, पण शून्य कधीच नाही.

उपाय स्वस्तापासून महागाकडे: घरातले दोन-तीन वेगवेगळे चार्जर लावून बघा, फरक पडतो. रेडिओग्राम आणि चार्जर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. मग ग्राउंड लूप आयसोलेटर, दोन-चारशे रुपयांत मिळतो, ऑक्सच्या वायरमध्ये घालायचा, इथे त्याचं काम बरोबर आहे कारण सेट सुरक्षित आहे हे आधी तपासलंय. फार स्वस्तातला असेल तर बेस थोडा खातो. आणि कायमचं करायचं तर जुन्या पद्धतीचा, म्हणजे लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाला ५ व्होल्टचा रेग्युलेटेड अडॅप्टर शोधा, हाताला जड लागतो तो. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत अजून मिळतो.

पॉवर बँकच कायमची आत ठेवू का, असं बरेच जण विचारतात. नको. व्हॉल्व्हच्या कपाटात तासाभरात चांगलीच भट्टी होते, लिथियम बॅटरी तिथे ठेवायची वस्तू नाही. टेस्टपुरती, तीही कपाटाच्या बाहेर.

प्लग उलटा घालून बघा

दोन पिनचा प्लग असेल तर काढून फिरवून परत घाला. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचं एक टोक चासीच्या जास्त जवळ गुंडाळलेलं असतं, तिकडे फेज आली की गळती जास्त, न्यूट्रल आली की कमी. घूं निम्म्यावर येतो कधी कधी. ज्या बाजूने कमी येतो तिकडे प्लगवर स्केच पेनने खूण करून ठेवा. हे फक्त चासीची टेस्ट पास झालेल्या सेटला.

सॉकेट कुठलं आणि वायर कशी

इथे सगळ्यात गमतीशीर प्रकार बघायला मिळतात.

मागे दोन भोकांचं पीयू (पिकअप) किंवा ग्राम लिहिलेलं सॉकेट असेल तर तो सेट बहुधा मोनो. त्यात एक सिग्नल, एक अर्थ. आता ऑक्सच्या वायरीत तीन गोष्टी असतात, डावा, उजवा आणि अर्थ, आणि सॉकेटला भोकं दोन, मग लोक काय करतात की डावा एका भोकात आणि उजवा दुसऱ्यात घालतात, अर्थ मोकळा. आवाज येतो, पण तो डाव्या-उजव्यातला फक्त फरक असतो. गाणारा नेहमी मधोमध रेकॉर्ड केलेला असतो, म्हणजे दोन्हीकडे सारखा, तो वजा होऊन जातो. आणि साठच्या दशकातली आपली भावगीतं, नाट्यगीतं मुळात मोनोच, दोन्हीकडे तेच, त्यामुळे जवळपास सगळं गाणंच वजा. वर लक्षणांत लिहिलेला गायब गायक हाच. अर्थ मोकळा असल्यामुळे घूं वरून मोफत.

बरोबर जोडणी: डावा आणि उजवा, प्रत्येकात ४.७ किलोओमचा रेझिस्टन्स, त्यांची पुढची टोकं एकत्र करून सिग्नलला, आणि कव्हर अर्थला. रेझिस्टन्स का, तर डावा-उजवा सरळ एकमेकांना जोडले तर रिसीव्हरची दोन आउटपुट एकमेकांशी भांडत बसतात, आवाज फाटतो आणि आयसी तापतो. दोन रेझिस्टन्स चहाच्या पैशात येतात. कुठलं भोक अर्थचं हे मीटरने चासीशी बघा, भोक आणि चासी शून्य ओम तो अर्थ.

जर्मन सेटला मागे पाच पिनचं गोल डिन सॉकेट असतं. मधली २ नंबरची पिन अर्थ, सिग्नल आत द्यायचा तो ३ आणि ५ वर, ३ डावा, ५ उजवा. टेप सॉकेटला १ आणि ४ वर सेट रेकॉर्डिंगसाठी आवाज बाहेर देतो. तयार मिळणाऱ्या काही वायरी १ आणि ४ वर जोडलेल्या असतात, मग आवाज अगदी क्षीण येतो किंवा येतच नाही, लोक व्हॉल्यूम फुल करतात आणि घूं ऐकू येतो. वायर विकत घेतली तरी प्लग उघडून किंवा मीटरने पिना तपासा, नंबर प्लगवर कोरलेले असतात, बारीक असतात, मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचा.

वायर शील्डवाली हवी आणि जमेल तेवढी आखूड. कपाटाच्या आतून टाकताना मेन्सच्या वायरीशी, डेकच्या मोटरशी आणि ट्रान्सफॉर्मरशी समांतर नेऊ नका, ओलांडायची असेल तर काटकोनात. रिसीव्हर ट्रान्सफॉर्मरवर चिकटवलेला मी पाहिलाय, दुहेरी टेपने, मस्त घट्ट. तो काढून कपाटाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि निम्मा घूं तिथेच गेला.

आवाज फाटत असेल तर फोनचा व्हॉल्यूम थोडा खाली घ्या. सिरॅमिक काडतूस साधारण पाव ते अर्धा व्होल्ट देतं, सेट त्या हिशोबाने बनवलाय, आणि काही रिसीव्हर आणि सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत देतात. नुसता धबधब बेस येत असेल तर तुम्ही मॅग्नेटिक काडतुसाच्या इनपुटला जोडलंय, ते काही मिलिव्होल्टसाठी असतं आणि बेस मुद्दाम उचलतं, तिथे ब्लूटूथ लावायचंच नाही, टेप किंवा ऑक्स शोधा.

हीटरवरून ५ व्होल्ट काढलेत का?

हा प्रकार व्हिडिओ बघून करणाऱ्यांचा. कल्पना मोहात पाडणारी आहे: सेटमध्ये ६.३ व्होल्ट आहेतच, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) लावा, कंडेन्सर लावा, रेग्युलेटर लावा, झाले ५, चार्जर नको, सेट चालू केला की ब्लूटूथ चालू. आणि मग भयंकर बझ.

गडबड अशी होते की हीटरच्या वायंडिंगचं एक टोक किंवा मधला टॅप आधीच चासीला जोडलेला असतो. ब्रिजचं निगेटिव्ह म्हणजे रिसीव्हरचा अर्थ, आणि तो ऑक्सच्या कव्हरमधून परत चासीलाच येतो. आता कागदावर काढून बघा, दर सायकलच्या एका अर्ध्यात ब्रिजमधला एक डायोड सरळ वायंडिंगवर आडवा पडतो, म्हणजे शॉर्टच, आणि तो सगळा करंट जातो ऑक्सच्या बारीक कव्हरमधून. मधला टॅप चासीला असेल तर दोन्ही अर्ध्यांत तेच. डायोड तापतो, ट्रान्सफॉर्मर तापतो, आणि मेन्स ट्रान्सफॉर्मर जळला तर तसाच दुसरा विकत मिळत नाही, गुंडाळून घ्यावा लागतो. हे तुमच्या सेटमध्ये केलं असेल तर आजच सोडवा, घूं येत नसला तरी.

ज्याला सोल्डरिंग नीट येतं आणि आतूनच पॉवर हवी आहे त्याने रेग्युलेटरच्या पुढे आयसोलेटेड डीसी-डीसी मॉड्यूल टाकावं, बी०५०५एस नावाचं १ वॅटचं मिळतं, ५ व्होल्ट आत, ५ व्होल्ट बाहेर, दोन्ही बाजूंचा अर्थ वेगळा. २०० मिलीअँपिअर देतं, साध्या रिसीव्हरला पुरतं. पण आधीच्या बाजूचं निगेटिव्ह कुठेही चासीला लागता कामा नये. ज्याला हे वाक्य दोनदा वाचावं लागलं त्याने वेगळा अडॅप्टर लावावा, त्यात कमीपणा नाही.

व्हॉल्यूम शून्यावरही घूं: फिल्टर कंडेन्सर

इथे घरगुती काम संपतं. हे मेकॅनिकचं. तरी काय चाललंय ते कळावं म्हणून लिहितो, म्हणजे कोणी काहीही सांगून पैसे काढणार नाही.

एसीचं डीसी केल्यावर त्यातल्या लाटा सपाट करायला मोठा कंडेन्सर असतो, बहुतेक वेळा अॅल्युमिनियमच्या एकाच डब्यात दोन, ३२ अधिक ३२ किंवा ५० अधिक ५० मायक्रोफॅरड, साडेतीनशे व्होल्टच्या आसपासचा. वर्षानुवर्षं वापर नसला की तो आतून सुकतो, क्षमता जाते, लाटा तशाच पुढे जातात. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमध्ये हा आवाज १०० हर्ट्झचा, थोडा खरखरीत येतो, कारण रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) एसीच्या सायकलचे दोन्ही अर्धे वापरतो. उघड्या इनपुटचा किंवा वायरीतला घूं ५० हर्ट्झचा, मऊ, खालच्या पट्टीतला. तंबोऱ्याच्या खर्जाची तार आणि तिच्या वरचा सा, एवढा बरोब्बर एका सप्तकाचा फरक आहे, ज्याचा कान तयार आहे त्याला लगेच कळतं.

या डब्यावर २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. "प्लग काढलाय ना" म्हणून हात घालायचा नाही. व्हॉल्व्हच्या सेटवर काम केलेलं नसेल तर मागचा पुठ्ठासुद्धा काढू नका, चासीच्या टेस्टसाठी तो काढावा लागत असेल तर तीही मेकॅनिककडूनच करून घ्या.

मेकॅनिकला एवढं नक्की सांगा. एक, मोठा कंडेन्सर म्हणजे जास्त चांगला असं नाही, ईझेड८० किंवा ईझेड८१ रेक्टिफायर असेल तर पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर न्यायचा नाही, चालू करताना व्हॉल्व्हवर ताण येतो. दोन, चासी उघडलीच आहे तर शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा कागदी कपलिंग कंडेन्सर बदलूनच टाक. तो गळायला लागला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्ट जातात, व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर मारतो. ईएल८४ असेल तर २ नंबरच्या पिनवर चासीच्या हिशोबाने जवळपास शून्य डीसी दिसले पाहिजेत, दोन-चार व्होल्ट पॉझिटिव्ह दिसले तर कंडेन्सर गेला. तीन, मागे व्होल्टेजचा टॅप असतो, तो २२० वर असेल तर २४० वर घ्या, आपल्याकडे लाइन बऱ्याचदा २४० च्या आसपासच असते आणि खालच्या टॅपवर सगळंच गरम चालतं.

माणूस कसा निवडायचा? त्याला विचारा, चासी लाइव्ह आहे का हे तू कसं बघणार. प्लग काढून मीटर लावतो म्हणाला तर सेट द्या. बोट लावून बघतो म्हणणारेही आहेत.

ताबडतोब बंद करून मेकॅनिकला बोलवायचं केव्हा

कुठेही झिणझिण्या. जळका वास, किंवा ट्रान्सफॉर्मरमधून मेण-डांबर गळणं. व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लाल दिसणं (हीटरची नारिंगी वात दिसते ती ठीक, बाहेरचा राखाडी पत्रा लाल झाला तर नाही). फ्यूज दुसऱ्यांदा उडणं. आणि फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली दिसली तर चालूच करू नका, आधीच्या कोणीतरी लपवलेला दोष आत आहे.

"सगळं काढून नवीन बोर्ड टाकू का?"

घूं जात नाही म्हटल्यावर काही मेकॅनिक हेच सुचवतात, व्हॉल्व्हची चासी भंगारात आणि छोटा क्लास डी बोर्ड (आजकालचा तयार अॅम्प्लिफायर) आत. माझं मत विचाराल तर नको, कारण वरच्या गोष्टी केल्यावर सेट सुटतोच, आणि चासी गेली की उरतं ते नुसतं कपाट. पण करायचंच असेल तर तीन गोष्टी. टीपीए३११६ सारख्या बोर्डची स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात, जुन्या कपाटात मात्र दोन्ही स्पीकरची एक-एक वायर एकत्र करून चासीला दिलेली असते, ती तशीच ठेवून बोर्ड जोडला की बोर्ड गेला. दुसरं, काही फिलिप्स सेटमध्ये ८०० ओमचे स्पीकर असतात, ते आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या सर्किटसाठीच बनवलेले, नवीन बोर्डवर ते वाजतच नाहीत म्हणण्याइतके हळू वाजतात, आणि उलट त्या सेटला बाजारातला ४ ओमचा स्पीकर लावला तर सेट जातो. स्पीकरच्या मागचा आकडा वाचल्याशिवाय काही बदलू नका. तिसरं, व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर स्पीकर काढून कधीही चालवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

अमेरिकेतून आणलेले कन्सोल

तिकडे राहून परत आलेल्या काही जणांनी मॅग्नावॉक्स किंवा झेनिथचे लांबलचक कन्सोल कंटेनरमधून आणलेत. ते ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचे. स्टेपडाउन लागतो, पण दुकानात मिळणारे बरेचसे स्टेपडाउन ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे चासीची टेस्ट इथे आणखी महत्त्वाची. आणि डेकची मोटर ५० हर्ट्झवर हळू फिरते, ३३⅓ ची रेकॉर्ड २७.८ ने, गाणारा आजारी वाटतो. त्याचा घूंशी संबंध नाही, मोटरची पुली बदलावी लागते. जोडणी मात्र सोपी, बऱ्याच कन्सोलना मागे टेपसाठी आरसीए सॉकेट असतात, तिथे लावा. जे अजून तिकडेच आहेत त्यांना व्होल्टेजचा त्रास नाही, आणि त्यांच्याकडचा घूं ६० आणि १२० हर्ट्झचा, बाकी क्रम तोच.

घूं गेला, पण मिडियम वेव्हला खरखर

हे शेवटी राहतं आणि बऱ्याच जणांना कळतही नाही, कारण रेडिओ लावतं कोण. चार्जर आणि रिसीव्हर दोन्ही आतल्या फेराइट अँटेनाच्या जवळ असले की मिडियम वेव्ह पूर्ण झाकली जाते. चार्जर कपाटाच्या बाहेर काढा, त्याच्या वायरीवर फेराइटची क्लिप बसवा. तरी राहिलीच तर रिसीव्हरच्या पॉवरला वायरीतला एक छोटा स्विच टाका आणि रेडिओ ऐकताना तो बंद ठेवा.